स्लाइड वीतभर बाहेरच, मागचा जॅक रात्रीतून खाली: हायड्रॉलिकवाले कोणी आहे का?

चाकोरीबाहेर:
नमस्कार मंडळी. आमच्याकडे सेकंडहँड फिफ्थ व्हील कॅम्पर (पिकअपच्या हौद्यात जोडून ओढायचा राहता ट्रेलर) आहे. तीन हायड्रॉलिक स्लाइड (भिंतीतून बाहेर सरकणारे खोलीचे भाग) आणि ट्रेलर सपाट ठेवणारे सहा लेव्हलिंग जॅक, सगळं एकाच पंपावर. दुखणी दोन आहेत. ती एकाच रोगाची की वेगवेगळी, हेच कळेनासं झालंय.

पहिलं: स्लाइड बाहेर सुरळीत जातात. आत घेताना बैठकीची मोठी स्लाइड वीतभर उरली की अडते. पंपाचा आवाज जड होतो, आतले दिवे मंदावतात आणि 'टक' होऊन सगळं गार. मिनिटभराने पुन्हा बटण दाबलं की चार बोटं सरकते, पुन्हा टक.

दुसरं: संध्याकाळी पाणसळ ठेवून सरळ केलेला ट्रेलर सकाळी मागच्या उजव्या कोपऱ्यावर कललेला असतो. फार नाही, पण ड्रॉवर आपला आपण उघडतो इतका.

दुरुस्तीवाल्याला फोन केला तर त्याने ट्रेलर न बघताच 'पंप गेला, नवीन युनिट घाला' असं सांगून टाकलं. एवढा खर्च करायच्या आधी काय काय तपासावं? आणि सध्या स्लाइड बाहेर आहेत, टाकीत ऑईल बरंच खाली दिसतंय. भरून टाकू का?

बोल्टनट:
आधी शेवटचा प्रश्न: नका भरू! सिलिंडरचे दांडे बाहेर असतात तेव्हा टाकीतली पातळी खाली जाणारच. आत्ता काठोकाठ भरलंत तर स्लाइड आणि जॅक आत घेताना तेच ऑईल उलट येऊन झाकणातून वाहील आणि पुढच्या कप्प्यात लाल तळं होईल. पातळी बघायची ती सगळं आत, सगळे जॅक वर असताना. तेव्हा तोंडाच्या थोडी खाली असली की पुरे.

बाकीचं सविस्तर संध्याकाळी लिहितो.

गंजकाका:
टक = ब्रेकर. दिवे मंद = करंट जातोय कुठेतरी. पंप बिचारा निर्दोष. चोर सोडून संन्याशाला सुळी देऊ नका.

व्होल्टमीटर:
गंजकाकांना अनुमोदन. १२ व्होल्टचा हा पंप जोरात असताना शंभराच्या वर अँपियर खातो. एवढा करंट वाहताना एखादा जोड जरासा जरी खराब असला तरी तिथे व्होल्टेज गळतं. शंभर अँपियरला ०.०२ ओहम म्हणजे थेट २ व्होल्ट गेले. एवढासा रोध मीटरच्या ओहमच्या खुणेवर धड दिसतही नाही, म्हणून तारा 'कंटिन्युइटी'वर तपासून 'सगळं ठीक आहे' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मोजायचं ते लोडवरच.

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. घरातल्या कोणाला तरी बटण दाबून धरायला सांगा, आणि पंप जड आवाज करत असताना चार ठिकाणी मोजा. बॅटरीच्या दोन खुंट्यांवर. मोटरच्या स्टडवर (लाल तार बसते तो बोल्ट) आणि मोटरच्या अंगावर. मग एक टोक बॅटरीच्या धन खुंटीवर, दुसरं मोटरच्या स्टडवर: हा धन बाजूचा तोटा. आणि एक टोक ऋण खुंटीवर, दुसरं मोटरच्या अंगावर: हा ऋण बाजूचा तोटा. शेवटच्या दोन आकड्यांपैकी कुठलाही अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर त्या बाजूला गडबड आहे. लाल तार सगळे बघतात, काळीकडे कोणी ढुंकून बघत नाही. खुंटी म्हणजे खुंटीच बरं का, तिच्यावरचा क्लॅम्प नव्हे. क्लॅम्पखालीच गंज असेल तर तो मोजमापात यायला हवा.

निवांत:
पण ते कॅम्पवर वीज जोडूनच स्लाइड चालवत असतील ना? मग बॅटरीचा काय संबंध? आम्ही तर वीज जोडली की बॅटरी विसरूनच जातो.

व्होल्टमीटर:
निवांत, बाहेरची वीज कन्व्हर्टरमधून जाऊन १२ व्होल्ट होते, आणि साधारण कन्व्हर्टर ५५-६० अँपियरचा असतो. पंपाला त्याच्या दुप्पट लागतात. उरलेले बॅटरीच देते. बॅटरी मेलेली असली तर वीज जोडलेली असूनही स्लाइड अडते. ओढणाऱ्या गाडीच्या सात पिनांच्या प्लगमधून येणारा करंट तर त्याहून कितीतरी कमी, त्यावर पंप चालण्याची आशाच नको.

फिरस्ती:
लिथियम टाका, सगळे प्रश्न मिटतील.

गंजकाका:
आले लिथियमवाले. धागा कुठलाही असो. :-)

व्होल्टमीटर:
मिटतील किंवा नवे सुरू होतील. लिथियम बॅटरीच्या पोटात बीएमएस (बॅटरीची राखण करणारं सर्किट) असते आणि तिला करंटची मर्यादा असते. १०० अँपियर-तासाची एकच बॅटरी, तीही १०० अँपियर मर्यादेची, अशी असली तर पंप सुरू होतानाच्या झटक्याला ती सरळ पाठ फिरवू शकते, आणि मग दिवे मंद होत नाहीत, सगळा ट्रेलरच अंधारात. सतत किती आणि काही सेकंदांपुरते किती, हे दोन्ही आकडे बघून घ्यावी.

स्पॅनर१३:
एक साधा उपाय सुचवतो. स्लाइडच्या दातेरी पट्टीला आणि सिलिंडरच्या दांड्याला भरपूर ग्रीस लावा. माझी त्यानंतर लोण्यासारखी सरकते.

बोल्टनट:
स्पॅनर, दांड्याला ग्रीस अजिबात नको. ग्रीसवर धूळ बसते, ती धूळ दांड्याबरोबर आत जाते आणि सील कापते. आज लोणी, पुढच्या मोसमात गळती. दांडा कोरड्या मऊ फडक्याने पुसायचा, बस. दातेरी पट्टीला काही लावायचंच असेल तर सुकून बसणारं कोरडं वंगण. स्लाइडच्या कडेच्या रबरी सीलना मात्र रबरासाठीचं कंडिशनर जरूर लावा, कारण वाळलेलं रबर शेवटच्या वीतभरात चांगलाच विरोध करतं.

आता मूळ प्रश्न. बाहेर सुरळीत आणि आत कष्टाने, याला कारण आहे. सिलिंडर ढकलतो तेव्हा पिस्टनच्या पूर्ण क्षेत्रफळावर दाब येतो. ओढतो तेव्हा दांड्याने व्यापलेला भाग वजा होतो, म्हणजे तितक्याच दाबाला जोर कमी. (सिलिंडर उलटा बसवलेला असेल तर हिशोबही उलटा.) त्यात शेवटी रबरी सील दाबायचं काम. म्हणजे अशक्त पंप पहिल्यांदा उघडा पडतो तो नेमका इथेच. 'अशक्त' म्हणजे खराब नव्हे, उपाशीही असू शकतो. व्होल्टमीटर म्हणतात तसं आधी मोजा.

पंप आणि ऑईल यांना हात लावायची पाळी त्यानंतर. ऑईलचा रंग बघून ठेवा. बहुतेक युनिटांत लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल) असतं, डेक्सरॉन ३ जातीचं. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. फेस असेल तर हवा आहे: मग सगळं दोन-चार वेळा पूर्ण आतबाहेर करायचं, मध्ये थांबून बुडबुडे वर येऊ द्यायचे आणि पातळी बघत राहायची. ब्रेक ऑईल चुकूनही टाकू नका, सील फुगून वाया जातील.

तळटीप:
व्होल्टेज कमी झालं की मोटर जास्त करंट खेचते आणि म्हणून ब्रेकर उडतो, असंच ना?

बोल्टनट:
नाही, इतकं सरळ नाही. पंपाला जेवढा दाब द्यावा लागतो तेवढा टॉर्क, आणि टॉर्कप्रमाणे करंट. व्होल्टेज पडलं म्हणून करंट आपोआप वाढत नाही, मोटर हळू फिरते. दहा सेकंदांचं काम पंचवीस सेकंदांवर जातं, तोवर ब्रेकरची पट्टी तापते आणि सुटते. निवली की आपोआप जुळते, म्हणून मिनिटभराने पुन्हा चालतं. मोटर पूर्ण अडली तर मात्र करंट खरोखर भडकतो. आणि ब्रेकरचेच स्टड सैल असतील तर तिथली उष्णताही पट्टीला लागते, तेही आवळून बघा. पाना लावण्याआधी बॅटरी सोडा, नाहीतर ठिणग्यांची रोषणाई होईल.

घुबड:
धागा उघडला तो जॅकसाठी, चर्चा सगळी विजेची. जॅकचं कोणी सांगणार का? आमचाही रात्री खाली बसतो.

पाचवेचाक:
सांगतो. जॅक 'बसतो' म्हणजे नक्की काय, हे आधी ठरवा. शक्यता तीन: जॅक आखडतोय, जमीन दबतेय, किंवा ऑईल थंडीने आकसतंय.

रात्री झोपण्याआधी जॅकच्या आतल्या चकचकीत नळीवर, बाहेरच्या नळीच्या कडेला अगदी लागून, चिकटपट्टीचा बारीक तुकडा चिकटवा. चारही कोपऱ्यांवर. सकाळी बघा. पट्टी कडेलाच टेकलेली आणि ट्रेलर कलला आहे, तर जॅक निर्दोष, पाय मातीत गेलाय. खाली रुंद लाकडी ठोकळे टाका. पट्टी वर सरकून आत ढकलली गेली असेल किंवा कडेने सोलून निघाली असेल, तर जॅक खरोखर आखडला. जॅक वर घेण्याआधी पट्टी काढायला विसरू नका, डिंक सीलला लागतो.

आता थंडीचं. या ऑईलचं आकारमान अंशामागे साधारण ०.०७ टक्के बदलतं. दुपारी आणि पहाटे १५ अंशांचा फरक असला तर सुमारे १ टक्का. जॅकमध्ये ३० सेंमी उंच ऑईलचा स्तंभ असेल तर तो ३ मिमी आखडणार, आणि त्याला जगातला कुठलाही व्हॉल्व्ह अडवू शकत नाही. म्हणून सगळ्या कोपऱ्यांवर दोन-तीन मिमी फरक दिसला तर शांतपणे चहा घ्या. एकाच कोपऱ्यावर दहा-पंधरा दिसला तर दुखणं खरं.

मीटरभर:
सोलेनॉइडची कॉइल (विजेने जॅकचा व्हॉल्व्ह उघडणारं वेटोळं) गेली असेल. डाव्या जॅकची कॉइल उजव्याला लावून बघा, दोष तिकडे गेला तर कॉइल बदला. सोपं आहे.

पाचवेचाक:
ही युक्ती चांगली, पण या दुखण्यावर नाही. रात्री बटण कोणी दाबत नाही, तेव्हा कॉइलमध्ये वीजच नसते. व्हॉल्व्ह स्प्रिंगने बंद असायला हवा. कॉइल मेली तर जॅक हलणारच नाही, पण म्हणून तो बसणार नाही. बसण्याचं कारण यांत्रिकच असणार: कार्ट्रिजच्या (व्हॉल्व्हचा काढता-घालता येणारा गाभा) झडप टेकते त्या बैठकीवर कचरा अडकलाय, ओ-रिंग (रबरी कडं) कापली गेलीय किंवा जॅकच्या आतला सील गेलाय. (जॅक हलतच नसेल तर कॉइल बघायची घरगुती पद्धत: बटण दाबलेलं असताना कॉइलच्या टोकाशी स्क्रूड्रायव्हर न्या. चुंबकासारखा ओढला गेला तर कॉइल जिवंत.)

आणखी एक. सेकंडहँड आहे म्हणून सांगतो. कार्ट्रिजच्या टोकाला हाताने उघडायचा बारका स्क्रू किंवा मूठ असते. आधीच्या मालकाने कधीतरी अडचणीत ती उघडली आणि पूर्ण बंद केली नाही, असं बऱ्याचदा निघतं. फुकटातली तपासणी आहे, ती पहिली करा.

अनवाणी:
या मुठीवरून विचारते. निघायचं आहे, स्लाइड बाहेर आहेत आणि पंपाने मान टाकली, तर काय करायचं? आमच्याकडे ही भीती इतकी आहे की हे स्लाइड बाहेर काढायच्या आधी देवाचं नाव घेतात.

बोल्टनट:
अनवाणी ताई, बहुतेक युनिटांत मोटरच्या मागच्या टोकाला झाकणाखाली षटकोनी टोक असतं. हवी ती स्लाइड चालवणारा व्हॉल्व्ह हाताने उघडायचा आणि त्या टोकाला ड्रिल मशीन लावून पंप फिरवायचा. कुठल्या दिशेने फिरवायचं आणि कुठला व्हॉल्व्ह कशाचा, हे युनिटवरच्या लेबलवर किंवा पुस्तिकेत असतं. त्याचा फोटो आजच मोबाइलमध्ये काढून ठेवा. स्लाइड आत गेल्यावर व्हॉल्व्ह पुन्हा घट्ट बंद करायचा, नाहीतर वळणावर ती बाहेर डोकावेल.

आणि यजमानांना देवाचं नाव घेऊ द्या, बरोबर ड्रिलची बॅटरी चार्ज आहे का तेही बघायला सांगा.

घुबड:
अवांतर: ट्रेलर मागे घेताना जी भाषा ऐकू येते त्यानंतर देवाचं नाव म्हणजे पापक्षालनच.

गंजकाका:
सुरक्षेचं कोणी बोललं नाही म्हणून मी बोलतो, आणि इथे मस्करी नाही. या नळ्यांत दोन-तीन हजार पीएसआय दाब असतो. होजला सुईएवढं भोक पडलं तर ऑईलची धार दिसतही नाही, पण कातडीतून आत घुसते. गळती हाताने चाचपून कधीही शोधायची नाही. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा, ओला झाला की कळतं. आणि धार लागलीच तर जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब इस्पितळात. हात गमावलेले लोक आहेत.

दुसरं, नुसत्या जॅकवर उभ्या ट्रेलरखाली शिरायचं नाही. चाकांना ठोकळे आणि खाली स्टँड. हा जॅक बसतोय हे तुम्हीच वर लिहिलंय ना?

चाकोरीबाहेर:
सगळ्यांचे मनापासून आभार. मोजमाप केलं. आकडे देतो:

पंप बंद असताना बॅटरी १२.७.
पंप लोडवर: बॅटरीवर ११.६, मोटरवर ९.३.
धन बाजूचा तोटा ०.४, ऋण बाजूचा १.९.

म्हणजे काळी तारच ना?

व्होल्टमीटर:
वा! ०.४ अधिक १.९ म्हणजे २.३, आणि ११.६ वजा ९.३ म्हणजेही २.३. हिशोब जुळला, मोजणी बरोबर. आता तोच १.९ तुकड्यातुकड्याने पकडा. खुंटी ते क्लॅम्प, क्लॅम्प ते फ्रेमवरचा बोल्ट, बोल्ट ते फ्रेमचं खरवडलेलं लोखंड, लोखंड ते मोटर. बहुधा फ्रेमपाशी सापडेल.

चाकोरीबाहेर:
सापडला! बॅटरीची काळी तार फ्रेमला जिथे बोल्टने बसवली आहे तिथे लग (तारेच्या टोकाचं धातूचं कडं) थेट रंगावर आवळलेला होता. करंट जात होता तो फक्त बोल्टच्या आट्यांमधून, आणि आट्यांत तांबडा गंज. बॅटरी सोडून बोल्ट काढला. लगच्या खालची बाजू काळी-निळी पडली होती, अगदी भाजल्यासारखी. रंग तारेच्या ब्रशने लखलखीत होईपर्यंत खरवडला, दातेरी वॉशर घातला, आवळला, वरून गंजरोधक फवारा.

आता लोडवर ऋण बाजूला ०.१, मोटरवर ११.१. बैठकीची स्लाइड एका दमात आत येऊन बसली. टक नाही, दिवे मंदावतात पण जरासेच. पंपाचा आवाजही बदलला.

गंजकाका:
नाव सार्थकी लागलं माझं.

बोल्टनट:
मस्त. आता सवय लावा: स्लाइड आत बसली की लगेच बटण सोडायचं नाही, आणखी तीन-चार सेकंद धरायचं, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब भरतो आणि सील नीट दाबले जातात. बाहेर काढतानाही तसंच. हायड्रॉलिकमध्ये ऑईल जिथे विरोध कमी तिथे आधी पळतं. एकाच व्हॉल्व्हवरच्या दोन स्लाइड असतील तर हलकी आधी पोहोचते आणि माणूस दुसरी पूर्ण बसायच्या आत बटण सोडतो.

आणि क्रम: आधी ट्रेलर सपाट, मग स्लाइड बाहेर. निघताना आधी स्लाइड आत, मग जॅक वर. स्लाइड बाहेर असताना लेव्हल केलं तर फ्रेमला पीळ बसतो.

चाकोरीबाहेर:
क्रम तोच ठेवतो. आता जॅकचा अहवाल. पाचवेचाक, तुमची चिकटपट्टी लावली. तीन कोपऱ्यांवर २ ते ३ मिमी. मागच्या उजव्यावर १४! हाताने उघडायची मूठ तपासली, ती पूर्ण बंदच होती. जॅकवर बाहेरून ऑईलचा थेंबही नाही.

पाचवेचाक:
तीन कोपरे थंडीचे, चौथा गुन्हेगार. आता निवाडा सोपा आहे. सगळे जॅक वर घ्या, म्हणजे नळ्यांतला दाब उतरेल. मग मागच्या डाव्या आणि उजव्या जॅकच्या कार्ट्रिजांची अदलाबदल करा. जोड सोडताना आजूबाजूची जागा आधी स्वच्छ पुसा आणि ज्याचे धागे सुटत नाहीत असंच फडकं वापरा. सुताचा एक तंतू बैठकीवर अडकला की तोच नवा दोष. नळीचा जोड काढायची वेळ आलीच आणि तो ३७ अंशांचा जेआयसी (तिरक्या तोंडाचा हायड्रॉलिक जोड) असेल तर टेफ्लॉन टेप लावू नका. तिथे सील धातूवर धातू बसून होतो, टेपचे तुकडे तेवढे व्हॉल्व्हमध्ये जातात. नंतर थोडी हवा शिरलेली असेल, जॅक दोनदा वरखाली करा.

रात्री पुन्हा पट्टी. डावा बसला तर कार्ट्रिज, उजवाच बसत राहिला तर जॅकच्या आतला सील.

मीटरभर:
+१. कॉइलबद्दल पटलं.

चाकोरीबाहेर:
डावा बसला! १३ मिमी. उजवा आता सज्जन, ३. कार्ट्रिज पुन्हा काढून उन्हात भिंगाखाली धरली. मधल्या ओ-रिंगला कडेने नखाएवढा तुकडा गेलाय, कोणीतरी बसवताना कोरडीच ढकललेली असावी. नवीन कार्ट्रिज मागवली आहे, बसवताना सीलना ऑईल लावून बसवेन. तोवर रात्री त्या कोपऱ्यावर ट्रेलरच्या स्क्रूवाल्या स्टँडचा टेकू देतोय. पंपाला कोणी हात लावला नाही.

पाचवेचाक:
उत्तम. बसवून झाली की ऑटो-लेव्हलचं (ट्रेलर आपोआप सपाट करणारी यंत्रणा) शून्यही एकदा तपासा. पाणसळीने हाताने सपाट करा आणि पुस्तिकेप्रमाणे तीच स्थिती कंट्रोलरला शून्य म्हणून द्या. आधीच्या मालकाने कललेल्या ट्रेलरवर शून्य दिलं असेल तर यंत्र इमानेइतबारे दर वेळी तेवढंच तिरकं करून देईल.

घुबड:
माझी पट्टी कडेलाच टेकलेली, जागची हललीच नाही. म्हणजे जमीनच. ठोकळे आणतो. धागा वाचनखुणेत टाकला.

नवखा_प्रवासी:
उशिरा आलो. माझा पंप मस्त आवाज करत फिरतो पण ना स्लाइड हलते ना जॅक. दिवे मंद होत नाहीत, ब्रेकरही उडत नाही. हाच उपाय का?

बोल्टनट:
नाही, तुमचं उलटं आहे. दिवे मंद होत नाहीत म्हणजे मोटरवर भारच येत नाही. टाकी बघा, रिकामी असू शकते. ऑईल असेल तर मोटर आणि पंप यांच्यामधला कपलर तुटलाय का बघा: मोटर एकटीच फिरते आणि आवाज नेहमीपेक्षा हलका व उंच येतो. दोन्ही ठीक असेल तर रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब टाकीत सोडणारा) उघडा अडकलाय का ते बघा. वेगळा धागा काढा आणि टाकीच्या आतला फोटो टाका.